पायथनचं कुलूप आणि व्हाइटफील्डचं काम

७ ऑक्टोबर २०२५. दिवाळी दोन आठवड्यांवर आली होती. त्या दिवशी पायथन या प्रोग्रामिंग भाषेची ३.१४ ही आवृत्ती जगासाठी खुली झाली. पायथनवाले ज्याची तीस वर्षं चर्चा करत होते, ती गोष्ट या आवृत्तीत पक्की झाली. भाषेच्या पोटात बसवलेलं एक कुलूप काढलेली पायथन आतापर्यंत प्रयोग म्हणून उपलब्ध होती. तिला अधिकृत पाठबळ मिळालं.

हा बदल घडवणारी माणसं अमेरिका-युरोपात आणि इतरत्र विखुरलेली आहेत. पण तो खरोखर उपयोगी ठरणार की कागदावर राहणार, याचा फैसला बेंगळुरूच्या पूर्व टोकाला व्हाइटफील्डमध्ये होणार आहे. तसाच तो हिंजवडीत, खराडीत आणि ऐरोलीतही होणार आहे. बँकांचे व्यवहार, विम्याचे दावे, विमानांच्या इंजिनांची तपासणी, दुकानांचा साठा हे सगळं चालवणारा जुना कोड जिथं रोज सांभाळला जातो, त्या या जागा आहेत. भाषेत नवं काही आणणं हे एक काम. ते नवेपण चालत्या, जुन्या, लोकांच्या पैशाला हात घालणाऱ्या कोडपर्यंत सुखरूप नेणं हे दुसरं. आपल्याकडं या दुसऱ्या कामाला ‘मेंटेनन्स’ किंवा ‘सपोर्ट’ म्हणतात आणि त्याची किंमत कमी धरतात. गेल्या काही वर्षांत पायथनमध्ये जे घडलं ते बारकाईनं पाहिलं, तर ही किंमत चुकीची लावली आहे असं माझं ठाम मत झालं आहे.

शेतीच्या वसाहतीपासून टेक पार्कपर्यंत

व्हाइटफील्डचं नाव डेव्हिड इमॅन्युएल स्टार्कनबर्ग व्हाइट यांच्यावरून पडलं. म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वडियार यांनी १८८२ मध्ये अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या शेतीवसाहतीसाठी सुमारे ३,९०० एकर जमीन दिली. जुन्या वसाहतीचा ‘इनर सर्कल’ आजही आहे. त्यानंतर शंभरेक वर्षं हे बेंगळुरूपासून दूरचं, निवांत खेडं होतं.

नव्वदच्या दशकात सिंगापूरच्या कंपन्या, टाटा समूह आणि कर्नाटक सरकार यांच्या भागीदारीतून इथं इंटरनॅशनल टेक पार्क उभा राहिला. लोक त्याला आयटीपीएल म्हणतात. शेजारच्या ईपीआयपी औद्योगिक पट्ट्यात एसएपी लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिकचं जॉन एफ. वेल्च तंत्रज्ञान केंद्र आलं. आजूबाजूला कंपन्या वाढल्या, त्यांच्यामागं इमारती वाढल्या आणि होप फार्म, कुंदलहळ्ळी गेट, ग्रॅफाइट इंडिया ही नावं वाहतुकीच्या कोंडीसाठी देशभर माहीत झाली.

भारतीय सॉफ्टवेअर उद्योगानं बाळसं धरलं तेही याच काळात, आणि ते धरलं देखभालीच्या कामावर. जुन्या कोबॉल प्रोग्रॅममध्ये वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेलं असायचं. १९९९ नंतर येणारं ‘००’ म्हणजे १९०० की २००० हे यंत्राला कळणार नव्हतं. जगभरच्या बँका आणि विमा कंपन्यांच्या कोट्यवधी ओळी वाचून त्यातल्या तारखा दुरुस्त करायच्या होत्या. ‘वायटूके’चं ते काम भारतीय इंजिनिअरांनी मोठ्या प्रमाणात केलं. आपल्या या उद्योगाचा पाया दुसऱ्यानं लिहिलेला जुना कोड समजून घेण्याच्या कौशल्यावर घातला गेला आहे.

आज व्हाइटफील्डला जायला मेट्रोची जांभळी मार्गिका आहे. २५ मार्च २०२३ ला कृष्णराजपुरम ते व्हाइटफील्ड हा तुकडा सुरू झाला आणि ९ ऑक्टोबर २०२३ ला मधला तुटलेला दुवा जोडला गेला. आता कडुगोडीला बसलं की गाडी न बदलता मॅजेस्टिकला उतरता येतं. तिथून गांधीनगरातलं महाराष्ट्र मंडळ जवळच आहे. पट्टंदूर अग्रहार स्टेशनवर सकाळी उतरणाऱ्या गर्दीत कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदीबरोबर मराठीही कानावर पडते. नागपूर, सोलापूर, नांदेड, कोल्हापूर, बेळगाव अशा गावांतून आलेली ही मुलं-मुली आहेत. नवीन प्रॉडक्टवर काम मिळालं की घरी फोन करून सांगताना त्यांचा आवाज चढतो. ‘सपोर्ट प्रोजेक्ट मिळालाय’ हे सांगताना तो उतरतो.

कुलूप कशाला होतं

पायथनची सुरुवात १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत झाली. अ‍ॅमस्टरडॅममधल्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत ग्वीदो व्हॅन रॉसम काम करत होते. पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९१ मध्ये खुली झाली. वाचायला सोपी, लिहायला सुटसुटीत अशी ही भाषा शास्त्रज्ञांनी उचलली, मग वेबसाइट बनवणाऱ्यांनी, मग आकडेवारी आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्यांनी. आपल्याकडं सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात सी++ च्या जागी आता पायथन शिकवतात.

पायथनमध्ये प्रत्येक वस्तूला, मग ती संख्या असो, नाव असो की यादी, एक मोजणी जोडलेली असते. ही वस्तू सध्या किती ठिकाणी वापरात आहे, याची ती मोजणी. ती शून्यावर आली की वस्तू पुसून टाकायची आणि मेमरी मोकळी करायची. आता एकाच प्रोग्रॅममधले दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे दोन धागे, त्याच क्षणी त्याच मोजणीला हात लावतात असं समजा. मोजणी ५ आहे. दोघांनी ५ वाचली, दोघांनी एकेक वाढवली, दोघांनी ६ लिहिली. हवी होती ७. एक वापर हिशेबातून गळला. पुढं कधीतरी ही मोजणी वेळेआधीच शून्यावर येते, कुणी वापरत असलेली वस्तू पुसली जाते आणि प्रोग्रॅम कोसळतो.

यावर १९९२ मध्ये सोपा आणि भक्कम उपाय केला गेला: पायथनचा कोड चालवणाऱ्या संपूर्ण इंटरप्रिटरला एकच कुलूप. ज्या थ्रेडच्या हाती ते, तोच पायथनचा कोड चालवणार. याला ग्लोबल इंटरप्रिटर लॉक म्हणतात आणि कामाच्या बोलण्यात नुसतं ‘गिल’. पंगतीत वाढपी दहा उभे आहेत पण वरणाची पळी एकच आहे, अशी ही व्यवस्था. सांडलवंड होत नाही, पण दहा जण असून वाढण्याचा वेग एकाचाच राहतो.

त्या काळी साध्या संगणकात एकच प्रोसेसर असायचा, त्यामुळं कुणाचं काही अडलं नाही. नेटवर्कची किंवा डिस्कची वाट पाहताना थ्रेड कुलूप सोडून देतो, त्यामुळं वेब सर्व्हरचंही बरं चालायचं. पण आज साध्या लॅपटॉपमध्येही आठ किंवा अधिक कोअर असतात. निव्वळ आकडेमोडीचं काम पायथनच्या थ्रेडमध्ये वाटलं, तर एक कोअर राबतो आणि बाकीचे बसून राहतात. मग लोक वेगवेगळ्या प्रोसेस चालवतात. प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी, माहितीची देवाणघेवाण करताना नकला काढाव्या लागतात आणि क्लाउडचं बिल वाढतं.

ते निघालं कसं

कुलूप काढायचा पहिला गंभीर प्रयत्न ग्रेग स्टाइन यांनी १९९६ मध्ये, पायथन १.४ वर केला. कुलूप निघालं, पण एकाच थ्रेडवर चालणारे साधे प्रोग्रॅम बरेच हळू झाले. बहुसंख्य लोकांचे प्रोग्रॅम तसेच होते. २००७ मध्ये ग्वीदोंनी अट जाहीर केली: साध्या, एका थ्रेडच्या प्रोग्रॅमचा वेग कमी होणार नसेल तरच असा बदल घेऊ. २०१६ च्या सुमारास लॅरी हेस्टिंग्ज यांनी ‘गिलेक्टमी’ नावाचा प्रयत्न केला. तोही याच अटीपाशी थांबला.

२०२१ मध्ये मेटा कंपनीतले सॅम ग्रॉस यांनी नवा नमुना दाखवला. त्यामागचं निरीक्षण साधं आणि खोल होतं. बहुतेक वस्तू ज्या थ्रेडनं निर्माण केल्या, तोच थ्रेड त्या वापरतो. मग त्या मालक थ्रेडसाठी एक स्वस्त, झटपट मोजणी ठेवायची आणि बाकीच्यांसाठी वेगळी, जपून करायची मोजणी ठेवायची. जोडीला काही वस्तू अमर करायच्या. ‘खरं’, ‘खोटं’, ‘काही नाही’ या वस्तू प्रोग्रॅम संपेपर्यंत लागतातच, तेव्हा त्यांची मोजणीच करायची नाही. मेमरी वाटपाची पद्धतही त्यांनी बदलली.

जानेवारी २०२३ मध्ये हा प्रस्ताव ‘पेप ७०३’ म्हणून मांडला गेला. पायथनमधला प्रत्येक मोठा बदल असा लेखी प्रस्ताव होऊन येतो. त्यात कारणं, पर्याय, तोटे, नाकारलेल्या कल्पना हे सगळं उघड्यावर असतं. ग्वीदोंनी जुलै २०१८ मध्ये अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला. तेव्हापासून निवडून आलेलं पाच जणांचं सुकाणू मंडळ निर्णय घेतं. या मंडळानं ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रस्ताव स्वीकारला आणि टप्पे ठरवले. आधी प्रयोग, मग अधिकृत पण ऐच्छिक, आणि सगळं नीट जमलं तरच सर्वांसाठी. काही बिघडलं तर मागं फिरण्याची वाटही मोकळी ठेवली.

ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ आवृत्तीत कुलूप नसलेली पायथन प्रयोग म्हणून आली. साध्या, एका थ्रेडच्या कामात ती सुमारे ४० टक्के हळू होती. ३.१४ मध्ये हा तोटा ५ ते १० टक्क्यांवर आला. भाषेच्या गाभ्यातल्या माणसांनी आपल्या वाट्याचं काम चोख केलं.

एक जुनं पॅकेज

इथून पुढचं काम गाभ्याबाहेरचं आहे. पायथनचा खरा पसारा तिच्या पॅकेजमध्ये आहे. पायपीआय या सार्वजनिक भांडारात सहा लाखांहून अधिक प्रकल्प आहेत. त्यातली अनेक महत्त्वाची पॅकेज वेगासाठी सी, सी++ किंवा रस्टमध्ये लिहिलेली आहेत. कुलूप नसलेल्या पायथनमध्ये तुम्ही असं एखादं पॅकेज घेतलं आणि ‘मी कुलपाशिवाय सुरक्षित आहे’ अशी नोंद त्यात नसली, तर इंटरप्रिटर इशारा देतो आणि कुलूप पुन्हा चालू करतो. शंभर पॅकेज तयार आहेत आणि एक जुनं आहे, तर त्या एकामुळं सगळा प्रोग्रॅम १९९२ च्या व्यवस्थेत परत जातो.

नम्पाय या आकडेमोडीच्या पायाभूत पॅकेजनं ऑगस्ट २०२४ च्या २.१ आवृत्तीत पहिला आधार दिला. क्वॉनसाइट लॅब्जच्या इंजिनिअरांनी मेटाच्या साथीनं अनेक लोकप्रिय पॅकेज एकेक करून तपासली. पण कंपन्यांच्या आत, बाहेर कुणालाही न दिसणारी जी पॅकेज आहेत, त्यांना हात लावायला बाहेरचं कुणी येणार नाही. ती सांभाळणारी टीम व्हाइटफील्डला किंवा हिंजवडीला बसलेली असते.

आणि प्रश्न फक्त त्या एका नोंदीचा नाही. ‘ही नोंद यादीत नसेल तर घाल’, ‘हा आकडा एकानं वाढव’ असा कोड दोन थ्रेडमध्ये चालणं कुलूप असतानाही पूर्ण सुरक्षित नव्हतं. पण चूक इतकी क्वचित व्हायची की वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात यायची नाही. कुलूप गेलं की हीच चूक वारंवार होऊ शकते. ती शोधायला आधी तो कोड का लिहिला गेला हे समजावं लागतं. लिहिणारा माणूस कंपनी सोडून गेलेला असतो, दस्तऐवज अपुरा असतो. अशा वेळी उपयोगी पडतो तो त्या कोडसोबत राहिलेला इंजिनिअर. महिनाअखेरीला कुठला जॉब अडकतो, कुठल्या देशाची तारीख उलटी येते, कुठल्या फाइलला हात लावला की बिल्ड तुटतो, हे त्याला माहीत असतं.

पायथनच्या जगानं हा धडा एकदा मोठी किंमत देऊन घेतला आहे. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आली आणि ती पायथन २ शी जुळणारी नव्हती. बदलाचं कारण रास्त होतं, आणि मराठी माणसाला तर ते लगेच पटावं. पायथन २ मध्ये साध्या मजकुराची लांबी बाइटमध्ये मोजली जायची. यूटीएफ-८ मध्ये लिहिलेल्या ‘मराठी’ या शब्दाची लांबी १५ यायची. पायथन ३ मध्ये ती ५ येते, म्हणजे व्यंजनं आणि काने-वेलांट्या धरून युनिकोडची पाच चिन्हं. देवनागरीत लिहिलेला ‘२०२५’ हा मजकूरही पायथन ३ थेट संख्येत बदलून देते. नावं, पत्ते, जमिनीचे उतारे आपल्या लिपीत हाताळणाऱ्या प्रत्येक प्रणालीसाठी ही मोठी सोय आहे.

पण जुना कोड आपोआप बदलत नाही. पायथन २ चं पाठबळ २०१५ मध्ये संपायचं होतं, ते १ जानेवारी २०२० पर्यंत लांबवावं लागलं. अकरा वर्षं जग दोन भाषांत विभागलेलं राहिलं. ‘टू टू थ्री मायग्रेशन’ हे शब्द व्हाइटफील्डमधल्या कितीतरी इंजिनिअरांच्या बायोडेटात आहेत आणि त्यामागं संयमानं केलेलं प्रचंड काम आहे. गिल काढताना सुकाणू मंडळानं आधीच स्पष्ट केलं की पायथन ३ च्या वेळी झालं ते पुन्हा होऊ द्यायचं नाही. त्या सावधपणामागं या मायग्रेशन करणाऱ्या माणसांचा अनुभव आहे.

आता पायथनची नवी आवृत्ती दर वर्षी ऑक्टोबरमध्ये येते आणि प्रत्येकीला पाच वर्षं पाठबळ मिळतं. ३.९ चं ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलं, ३.१० साठी ऑक्टोबर २०२६ ही मुदत ठरलेली आहे. ३.१३ मध्ये भाषेसोबत येणारी १९ जुनी मोड्यूल काढून टाकली गेली. त्यात टेलनेटलिब होतं. नेटवर्कची जुनी उपकरणं आणि प्रयोगशाळेतली यंत्रं तपासणाऱ्या स्क्रिप्ट वर्षानुवर्षं त्यावर चालत आल्या होत्या. असं वगळलेलं प्रत्येक मोड्यूल कुणाच्या तरी टेबलावर काम होऊन येतं.

हाताशी आलेली हत्यारं

या काळात हत्यारंही झपाट्यानं सुधारली. पायथनवाल्यांचं जुनं दुखणं म्हणजे पॅकेज बसवणं. एका प्रकल्पाला एक आवृत्ती हवी, दुसऱ्याला दुसरी. पिप, व्हर्च्युअलएन्व्ह, पायएन्व्ह, पोएट्री अशी एकावर एक साधनं रचून गाडा चालायचा. नवा माणूस टीममध्ये आला की त्याचा पहिला दिवस लॅपटॉपवर सगळं बसवण्यात जायचा आणि ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हे वाक्य रोज ऐकू यायचं.

चार्ली मार्श यांच्या अ‍ॅस्ट्रल या कंपनीनं आधी रफ आणि मग फेब्रुवारी २०२४ मध्ये यूव्ही हे साधन आणलं. दोन्ही रस्ट भाषेत लिहिलेली, दोन्ही मुक्तस्रोत. रफ कोडची शैली आणि ढोबळ चुका तपासतं. यूव्ही पायथनची हवी ती आवृत्ती आणतं, पॅकेजचा मेळ लावतं, वेगळं वातावरण तयार करतं आणि नेमकं काय बसवलं याची पक्की नोंद ठेवतं. एकदा उतरवलेलं पॅकेज ते पुन्हा उतरवत नाही, साठ्यातून जोडून देतं. मिनिटांचं काम सेकंदांवर आलं. मार्च २०२५ मध्ये ‘पेप ७५१’ स्वीकारला गेला. पक्की नोंद ठेवायची एक सामाईक पद्धत त्यानं ठरवून दिली, त्यामुळं कुठल्या एका साधनावर अवलंबून राहायची गरज कमी होईल.

दुसरं हत्यार प्रकारांच्या खुणांचं. हे फंक्शन संख्या घेतं की मजकूर, काय परत देतं, हे कोडमध्येच लिहायची सोय २०१५ मध्ये ३.५ आवृत्तीत आली. मायपाय, पायराइट अशी साधनं त्या खुणा वाचून कोड न चालवता चुका दाखवतात. ड्रॉपबॉक्स कंपनीनं आपल्या चाळीस लाख ओळींच्या पायथन कोडला अशा खुणा घातल्या. दुसऱ्याचा कोड हातात घेणाऱ्याला या खुणांइतका आधार क्वचितच कशाचा असतो.

तिसरं हत्यार ३.१४ मध्ये आलं आणि सपोर्टवाल्यांना त्याचं मोल चटकन कळेल. प्रॉडक्शनमध्ये प्रोसेस अडकते. बंद करून पुन्हा चालू केली तर ती चालते, पण का अडकली ते कळत नाही. आता चालू प्रोसेसला न थांबवता बाहेरून डीबगर जोडता येतो आणि ती नेमकी कुठल्या ओळीवर उभी आहे ते पाहता येतं. हा प्रस्ताव ब्लूमबर्गमधल्या इंजिनिअरांनी मांडला. स्वतः मोठ्या प्रणाली सांभाळणाऱ्यांनी स्वतःची गरज ओळखून भाषेत घातलेली ही सोय आहे.

खर्च कुणी करायचा

एवढ्या मोठ्या भाषेमागचा पैसा मात्र थोडा आणि अस्थिर आहे. पायथन वेगवान करण्यासाठी मायक्रोसॉफ्टनं २०२१ पासून एक टीम पोसली. तिच्या कामामुळं २०२२ ची ३.११ आवृत्ती आधीच्या आवृत्तीपेक्षा सरासरी २५ टक्के वेगवान झाली. मे २०२५ च्या नोकरकपातीत त्या टीममधल्या अनेकांना जावं लागलं. पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनचं वार्षिक अंदाजपत्रक सुमारे पन्नास लाख डॉलरचं. पायपीआयच्या सुरक्षेसाठी अमेरिकन सरकारच्या विज्ञान प्रतिष्ठानाकडून पंधरा लाख डॉलरचं अनुदान मिळण्याची वेळ आली होती. संस्थेच्या समावेशक धोरणांवर बंधन घालणाऱ्या अटी त्यासोबत आल्या, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये संस्थेनं प्रस्ताव मागं घेतला. अंदाजपत्रकाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढी रक्कम तत्त्वासाठी सोडायला धैर्य लागतं. पण त्यामुळं भांडाराच्या सुरक्षेचं काम थांबवता येत नाही.

बेंगळुरूनं याचं एक चांगलं उत्तर दिलं आहे. झेरोधा या शेअर दलाली कंपनीनं ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘फ्लॉस फंड’ जाहीर केला. जगभरच्या मुक्तस्रोत प्रकल्पांना दर वर्षी दहा लाख डॉलर. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर धंदा उभा राहिला, त्याची परतफेड म्हणून हा निधी काढल्याचं त्यांनी सांगितलं. व्हाइटफील्डमधल्या ज्या कंपन्यांचं काम पायथनशिवाय एक दिवस चालणार नाही, त्यांच्यापुढं हा दाखला आहे.

आपला वाटा

या भाषेत भारताचा, आणि त्यात महाराष्ट्राचा, वाटा नाही असं नाही. पहिली पायकॉन इंडिया परिषद सप्टेंबर २००९ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत भरली. तिथलं बीजभाषण आयआयटी मुंबईचे प्रभू रामचंद्रन यांचं होतं. शास्त्रीय माहिती त्रिमितीत दाखवणारं मायावी हे त्यांचं पायथन पॅकेज जगभर वापरलं जातं. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पानं गावोगावच्या महाविद्यालयांपर्यंत पायथन नेली. २०११ ची परिषद पुण्यात झाली. पुण्यात रेड हॅटमध्ये काम केलेले कुशल दास पायथनच्या गाभ्याचे विकसक झाले आणि आयआरसीवरून मोफत उन्हाळी वर्ग चालवून त्यांनी कितीतरी विद्यार्थी मुक्तस्रोतात आणले. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे व्यवसाय सांभाळण्याचं सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणात पायथनवर उभं आहे आणि जगभर चालतं.

तरीही वापरणाऱ्यांच्या संख्येच्या मानानं हा वाटा लहान आहे. गिटहबवर एकट्या २०२५ सालात भारतातून पन्नास लाखांहून अधिक नवे विकसक आले. त्यातले बहुतेक जण भाषा आणि पॅकेज जशी मिळतील तशी घेतात. अडचण आली तर टीमपुरता उपाय काढतात आणि पुढं जातात. तो उपाय मूळ प्रकल्पाकडं परत जात नाही. तिथं खरं नुकसान होतं असं मला वाटतं, कारण भाषा घडवण्याची वाट नेमकी अशा अडचणींतून जाते.

याचा पुरावा ३.१४ मध्येच आहे. प्रकारांच्या खुणा भाषेनं कधी वाचायच्या, याचा एक बदल ३.१० मध्ये सर्वांसाठी लागू व्हायचा होता. एप्रिल २०२१ मध्ये, अगदी शेवटच्या टप्प्यावर, पायडँटिक पॅकेज सांभाळणारे सॅम्युएल कोल्विन यांनी जाहीरपणे सांगितलं की यानं त्यांचं पॅकेज मोडेल आणि त्यावर उभं असलेलं फास्टएपीआय हे वेब सेवा बनवण्याचं पॅकेजसुद्धा मोडेल. त्यांनी उदाहरणं दिली, चालवून दाखवली. सुकाणू मंडळानं बदल थांबवला. मग लॅरी हेस्टिंग्ज यांचा दुसरा मार्ग स्वीकारला गेला आणि तोच ३.१४ मध्ये आला. गाभ्याबाहेर पॅकेज सांभाळणाऱ्या माणसांनी भाषेची दिशा बदलली. त्यांच्याकडं अधिकारपद नव्हतं. चालता कोड होता आणि तो कुठं मोडतो याची नेमकी माहिती होती. असा कोड आणि अशी माहिती व्हाइटफील्डइतकी फार थोड्या ठिकाणी असेल.

काय करता येईल

पहिलं काम टीमच्या पातळीवरचं आहे. आपल्या चाचण्या कुलूप नसलेल्या ३.१४ वर आजच चालवून पाहाव्यात. प्रॉडक्शन बदलायची घाई नको, पण कुठलं पॅकेज कुलूप परत चालू करतं आणि कुठली चाचणी कधी पास तर कधी नापास होते, याची यादी तयार असावी. त्यातलं जे सार्वजनिक पॅकेजचं आहे ते त्या प्रकल्पाकडं कळवावं, जमलं तर दुरुस्तीही पाठवावी.

दुसरं काम कंपन्यांचं. वर्षअखेरच्या मूल्यमापनात नव्या फीचरला गुण मिळतात, न पडलेल्या सिस्टिमला मिळत नाहीत. मूळ प्रकल्पाला पाठवलेली दुरुस्ती, सोडवलेला जुना गुंता, लिहिलेला दस्तऐवज यांची नोंद बढतीच्या कागदावर झाली पाहिजे. जिथं भाषा वापरली जाते तिथून तिच्या देखभालीला पैसाही गेला पाहिजे.

तिसरं काम आपल्या महाविद्यालयांचं. आपण मुलांना कोरी फाइल उघडून प्रोग्रॅम लिहायला शिकवतो. नोकरीत त्यांच्यापुढं दहा वर्षांचा, अनेक हातांनी लिहिलेला कोड येतो. एखादं मुक्तस्रोत पॅकेज घेऊन ते वाचणं, त्यातली एक नोंदवलेली चूक शोधणं, चाचणी लिहून दुरुस्ती पाठवणं, एवढं एक सत्र तरी अभ्यासक्रमात असावं. नवा कोड लिहायला आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं मदत करतात. त्यांनी दिलेलं बरोबर आहे का, जुन्यात बसेल का, सुचवलेलं पॅकेज खरंच अस्तित्वात आहे का, हे ठरवायला वाचणारी नजर लागते आणि ती फक्त वाचूनच तयार होते.

सोलापूरहून किंवा नांदेडहून व्हाइटफील्डला आलेल्या आणि सपोर्ट प्रोजेक्टवर असलेल्या इंजिनिअरला मला एवढंच सांगायचं आहे. वायटूकेच्या तारखा दुरुस्त करणाऱ्यांनी हा उद्योग उभा केला. पायथन २ चा कोड ३ वर नेणाऱ्यांच्या अनुभवामुळं जग आज सावधपणे बदलतं आहे. कुलूप नसलेली पायथन तुमच्या हातून गेल्याशिवाय बँकेत, रुग्णालयात, कारखान्यात पोचणार नाही. ज्या कामावाचून भाषेची नवी आवृत्ती उपयोगात येऊच शकत नाही, ते काम दुय्यम असू शकत नाही. ते अभिमानानं घरी सांगा, त्यात सापडलेलं जगाला सांगा, आणि पुढच्या प्रस्तावावर तुमचंही नाव असू द्या.